गाडी हिची, किल्ली त्याची

गुरुजी,

तक्रार आहे, आणि ती एका ऱ्हस्व उकाराची आहे. आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकात, चौथ्या पानावर, जुन्या ट्रॅक्टरच्या टायरांची विक्री आणि विवाहेच्छू वधूची अपेक्षा यांच्या मधोमध आपल्या गाडीची जाहिरात छापून आली. मजकूर मी स्वतः लिहिला होता, दोनदा तपासला होता आणि छापखान्यात हातात दिला होता. 'विकणे आहे. इंग्रजी बनावटीची, दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स मोटार. रंग गर्द हिरवा. एकही भाग बदललेला नाही. मूळ अवस्थेत.' छापून काय आलं, तर 'मुळ अवस्थेत'. मी कचेरीत जाऊन संपादकांपुढे अंक ठेवला आणि म्हणालो, मूळ हा शब्दच जिथे मूळ अवस्थेत राहिला नाही, तिथे गाडीवर कोण भरवसा ठेवील. ते म्हणाले, "सर, लोकांना कळतंय ना? मग झालं. फारच वाटत असेल तर पुढल्या अंकात शुद्धिपत्र टाकतो." मी नको म्हटलं. मोटार विकायला काढून तिच्याबरोबर उकाराचं शुद्धिपत्र देणारा जिल्ह्यातला पहिला माणूस होण्याची माझी तयारी नव्हती. तुमची झाली असती, हे मला माहीत आहे.

हो, गाडी विकायला काढली आहे. उकाराच्या आड लपून सांगितलं, कारण सरळ सांगायचं धैर्य नव्हतं. तुम्ही जाताना पाठकोऱ्या कागदावर दोन वाक्यं लिहून ठेवली होतीत: गाडी हिची. किल्ली त्याची. 'ही' म्हणजे तुमच्या घरच्या माई, 'तो' म्हणजे मी. त्या दोन वाक्यांत क्रियापद नाही, म्हणून काळही नाही, आणि त्यामुळे आम्ही दोघं बारा वर्षं अडकून पडलो. माईंना विकायची तर माझ्याकडून किल्ली हवी, मला ठेवायची तर माईंच्या कोठारात जागा हवी. आता माई म्हणतात, विकायची. मी हो म्हणायला दोन महिने घेतले, आणि त्यातला एक महिना जाहिरातीचा मजकूर पक्का करण्यात घालवला.

ही गाडी तुमच्याकडे कशी आली ते तुम्ही हयातभर कुणाला सांगितलं नाहीत. मला सांगितलंत ते शपथ घालून. आता शपथेचा धाक राहिला नाही, तेव्हा लिहितो. माहुली किल्ल्याकडे तोंड केलेल्या बंगल्यात ते मुंबईचे बॅरिस्टर राहायला आले होते, म्हातारपणी संस्कृत शिकायची हौस घेऊन. तुम्ही सेवानिवृत्त झाल्यावर सहा वर्षं त्यांना शिकवलंत, आणि बदल्यात काही घेतलं नाहीत. नव्वद सालच्या सुमारास ते मुलीकडे विलायतेला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी आपली तीन कपाटं पुस्तकं तुम्हाला देऊ केली. तुमचा आनंद इतका की तुम्ही उत्तर संस्कृतात पाठवलंत. ग्रन्थानां कृते वाहनं देयम्. म्हणजे पुस्तकं आणायला एखादी बैलगाडी, टेम्पो, काय असेल ते वाहन द्यावं. बॅरिस्टरसाहेबांनी कोश उघडला, 'कृते'पुढच्या इंग्रजी 'फॉर'पाशी थांबले, आणि अर्थ लावला की पुस्तकांच्या ऐवजी वाहन द्यावं. त्यांना वाईट वाटलं असेल, पण माणूस खानदानी. पुस्तकं पेट्यांत भरून स्वतःबरोबर नेली आणि तरुणपणापासून जपलेली हिरवी मोटार कागदपत्रांसह तुमच्या दारात पाठवून दिली. तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून ओट्यावर उभे, आणि समोर दोन माणसांची, बिनछपराची, तारांच्या चाकांची गाडी, जी तुम्हाला चालवता येत नव्हती.

तेव्हाच एक पत्र टाकून गैरसमज दूर करता आला असता. मी तसं म्हणालोही. तुम्ही म्हणालात, "शिष्याचा अर्थ चुकला, तर ते वाक्य शिकवणाऱ्याचं आहे." आता तुम्ही प्रतिवाद करू शकत नाही, म्हणून बोलतो: वाक्य तुमचंच ढिसाळ होतं. चार शब्दांत पुस्तकं जाऊन मोटार यावी असं वाक्य तुम्ही आमच्या वहीत सापडलं असतं तर लाल शाईने खोडलं असतंत.

पण त्या चुकीतूनच पुढचं सगळं आलं. तुम्ही ठरवलंत की ही गाडी आपली नाही, ठेव आहे. कधीतरी तिकडे लंडनमध्ये बॅरिस्टरसाहेबांना 'कृते'चा खरा अर्थ उमगेल, ते ओशाळून पत्र लिहितील, तेव्हा गाडी जशी आली तशी परत करता आली पाहिजे. त्यांचं पत्र कधी आलं नाही. गाडी मात्र जशी आली तशी राहिली. भाताचं कोठार रिकामं करून तुम्ही ती आत घेतलीत. माईंच्या जुन्या लुगड्यांची मोठी गोधडी शिवून घेतलीत आणि गाडीवर घातलीत. आणि मुरबाडहून मला बोलावून घेतलंत, कारण तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांत मोटार चालवता येणारा संस्कृतचा मास्तर मी एकटाच होतो. माझा काका मुरबाड-कल्याण जीप चालवायचा. मागे चौदा माणसं बसलेली असताना त्याने मला गिअर शिकवले होते. "क्लच सोडताना घाबरू नको रे," तो म्हणायचा, "मागचे घाबरतीलच, त्यांना त्यांचं काम करू दे."

तेव्हापासून दर रविवार. पहिली एसटी धरून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला यायचं आणि कोठाराचं दार उघडायचं. आतून तूस, चामडं आणि पेट्रोल यांचा मिसळलेला वास येतो. कौलातून एक तिरीप येते आणि गोधडीवर पडते. तुम्ही गोधडी एका बाजूने दुमडता, मी दुसऱ्या बाजूने, दोघं मध्ये भेटतो, जशी बायका पातळाची घडी करतात. मग हिरवा रंग दिसू लागतो, आधी मडगार्डची गोलाई, मग बॉनेटवरचा चामडी पट्टा, मग स्टिअरिंगचं लाकडी चक्र. मी इंजिनाचं तेल पाहतो, चोक ओढतो, बटण दाबतो. दोनदा खोकून ती चालू होते आणि कोठाराच्या भिंती बारीक थरथरू लागतात. तुम्ही डाव्या आसनावर बसून डोळे मिटता. दहा मिनिटं. गाडी जागची हलत नाही, पण तुमचा चेहरा कुठेतरी जाऊन आल्यासारखा होतो. त्या दहा मिनिटांत तुम्ही काय पाहत होतात ते मी कधी विचारलं नाही. एकदा इंजिन बंद केल्यावर तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "तिसऱ्या कपाटात वरच्या फळीवर काय होतं, आठवतं का तुला?" मी ती कपाटं कधी पाहिलीच नव्हती.

तुमचा एक राग अजून अंगावर येतो. आसनाचं चामडं एका शिवणीवर उसवलं होतं, म्हणून मी कल्याणहून रेक्झिनची कव्हरं आणली. लाल, पांढऱ्या किनारीची, काकाच्या जीपला होती तशी. तुम्ही अंघोळीला गेला होतात तेवढ्यात बसवलीसुद्धा. तुम्ही आलात, हात मागे बांधून उभे राहिलात आणि विचारलंत, "हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं नाही गुरुजी, बसवलं. रेक्झिन आहे."

"तळटीप घालायची तर निदान खाली घालतात. तू ओळीतच घुसलास. हा प्रक्षेप आहे. काढ."

"पण फाटलंय ते."

"फाटलेलं पान फाटलेलं ठेवायचं. तिथे काय असावं ते आपण ठरवायचं नाही."

मी कव्हरं काढली. तुम्ही ती घडी करून माझ्या हातात दिलीत आणि वर विचारलंत, पोथीच्या मूळ पाठात दुसऱ्याने घुसवलेली ओळ कशी ओळखायची, सांग. मी म्हटलं, भाषा वेगळी असते. तुम्ही म्हणालात, "नाही. ती नेहमी जास्त चकचकीत असते." मी हे वाक्य वर्गात सांगतो. मुलं लिहून घेतात. रेक्झिनचं मी त्यांना सांगत नाही.

तुम्ही गाडी रस्त्यावर काढू दिलीत ती फक्त एकदा. दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून झाली होती, आणि का कुणास ठाऊक, रविवारी दहा मिनिटं संपल्यावर तुम्ही म्हणालात, "जरा डोळखांबपर्यंत जाऊन येऊ." ती दुपार आता आठवतो तेव्हा ती घडली की मी कधीतरी झोपेत पाहिली, ह्याची मला खात्री देता येत नाही. ऊन मधासारखं दाट झालेलं. खाचरांत नुसते सड उभे आहेत, खळ्यांवर भाताची उडवी रचलेली, आणि सागाची मोठी पानं रस्त्यावर पडून वाळलेली. आमच्या चाकांखाली ती चुरचुरतात. डोक्यावर छप्पर नाही, म्हणून झाडं थेट अंगावरून जातात. तुमचं उपरणं मागे उडतं आहे आणि तुम्ही ते धरायचं सोडून दिलं आहे. चढाला इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत जातो, उताराला वर येतो, आणि तुम्ही त्या आवाजात काहीतरी पुटपुटता आहात, शब्द कळत नाहीत, फक्त छंद कळतो. एका वळणावर बायकांनी डांबरावरच भात वाळत घातलं होतं, अर्धा रस्ता सोनेरी. मी गाडी थांबवली. एक म्हातारी दांडकं टेकत जवळ आली, तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"गुर्जी," ती म्हणाली, "गाडी आर्धीच मिळाली काय? वरचं कवा येनार?"

"वरचं नसतंच हिला, आजी."

"मंग फसवलं तुमाला. दुकानात परत न्या. कागुद हाय ना?"

तुम्ही गंभीरपणे म्हणालात, कागद आहे, पण दुकानदार विलायतेला गेला. ती म्हणाली, "आसंच करतात मेले," आणि भात बाजूला सारून तिने आम्हाला वाट करून दिली. परत येताना तुम्ही सबंध रस्ता हसत होतात, आवाज न करता, खांदे हलवत. मी तुम्हाला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

मग बारा वर्षं मी एकटाच गोधडी दुमडत आलो. तेव्हा गावात एसटीडीचा बूथ हे नवल होतं, आता उंबरमाळीच्या पाड्यावर गुरं राखणाऱ्या पोराच्या खिशातही मोबाइल वाजतो. माझं लग्न जुनं झालं, दोन मुली कॉलेजात गेल्या, केस तुमच्यासारखे झाले, विद्वत्ता तेवढी झाली नाही. घरात माझ्या रविवाराला 'गाडीची शिकवणी' म्हणतात. गावात मात्र माझं नाव चांगलं आहे. गुरुजी गेले तरी शिष्य दर रविवारी माईंना बघायला येतो, असं लोक आपल्या मुलांना माझं उदाहरण देतात. मी ते ऐकून मान खाली घालायचो. ती विनयाची मान आहे असं मलाही वाटायचं.

तीन महिन्यांपूर्वी माई जेवायला वाढताना म्हणाल्या, "ती गाडी काढून टाकू रे आता."

मी विचारलं, का, जागेची अडचण होते का.

"जागेचं काय नाय. मला ती जाताना बघायची आहे. आली तेव्हा मी किन्हवलीला माहेरी होते. परत येऊन बघते तर माझं कोठार गेलेलं, आणि माझी लुगडी तिच्या अंगावर." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुझे गुरुजी रोज सकाळी दार उघडून तिला विचारायचे, बरी आहेस ना. मला कधी विचारलं नाय. मी घरातच होते ना, म्हणून असेल."

मी हसलो. माई विनोदाने बोलतात अशी माझी समजूत होती. तुमच्याबद्दल गाऱ्हाणं ऐकायची सवय नसल्यामुळे मी ते गाऱ्हाणं विनोदाच्या खात्यात टाकत आलो. आज ते वाक्य पुन्हा वाचल्यासारखं आठवतो तेव्हा त्यात विनोद सापडत नाही.

गिऱ्हाईक कसं मिळालं ते ऐका, तुम्हाला आवडेल. तो अंक आसनगावला हायवेवरच्या वडेवाल्याकडे रद्दीत गेला. मुंबईचे एक गृहस्थ, जुन्या गाड्या विकत घेऊन सांभाळणारे, नाशिकला जाताना तिथे थांबले. वडा खाऊन झाल्यावर कागद चुरगळायच्या आधी त्यांनी वाचला. म्हणजे आपला ऱ्हस्व उकार तेलाने पारदर्शक झालेल्या अवस्थेत योग्य वाचकापर्यंत पोचला. मागच्या रविवारी ते आले. चाळिशीतला, बुटका, मितभाषी माणूस. शर्ट काढून बनियनवर गाडीखाली झोपला आणि पाऊण तास बाहेर आला नाही. मला वाटलं डोळा लागला. बाहेर आला तेव्हा पापण्यांना तूस चिकटलेलं होतं.

"सर, हिचा एक बोल्टपण कुणी उघडलेला नाही," तो म्हणाला. "अशी मी फक्त फोटोत बघितली आहे. त्या सीटची शिवण उसवलीय तीपण फॅक्टरीची आहे. कुणी कव्हर कसं नाही घातलं?"

मी म्हटलं, घालू दिलं नाही. आणि मग न राहवून म्हटलं, "ह्याला संस्कृतात अक्षत म्हणतात."

"नको सर," तो घाईने म्हणाला, "बॉनेटवर तांदूळबिंदूळ नका टाकू. रंगाला ओरखडे जातील."

गुरुजी, माणूस योग्य आहे. तुमची गाडी त्याच्याकडे मूळ पाठानिशी राहील. इथवर मला काही अडचण नव्हती. मग माई चहा घेऊन आल्या. त्याने कप घेतला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "आजी, डाव्या हाताने देताय. उजव्या मनगटाला काय झालंय? सुजलंय."

"काय नाय. मोरीत घसरले. पंधरा दिवस झाले."

"दाखवलंत का कुणाला?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच जास्त लागलं. पंधरा दिवस म्हणजे दोन रविवार, गुरुजी. दोन्ही रविवारी मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली. भाकरी जाड झाली होती, कडा तुटल्या होत्या. ते मी टिपलं होतं. इतकंच नाही, मी म्हणालो होतो, "माई, आजची भाकरी जोडाक्षर झाली आहे." त्या हसल्या होत्या, आणि अजून एक वाढली होती. डाव्या हाताने वाढली असणार. मी कोठाराकडे बघत होतो, इंजिन पुरेसं थंड झालं की नाही ह्याचा विचार करत होतो.

त्याच दुपारी त्याने आम्हाला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. हाड चिरलं होतं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण. माई म्हणाल्या, "हा आमचा मुलगाच म्हणायचा. दर रविवारी येतो." मी डॉक्टरांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. गळ्यात झोळी अडकवून परत येताना माई एवढंच म्हणाल्या, "किल्ली आठवणीने आण पुढच्या रविवारी. परत खेप नको पडायला त्या माणसाला." त्यांना माझ्या वेंधळेपणाची काळजी. मी म्हटलं, आणतो. मग आपणहून म्हटलं, "माई, गाडी गेली तरी मी येत जाईन." त्या म्हणाल्या, "ये की." बस एवढंच. आग्रह नाही, शंका नाही.

उद्या रविवार आहे. किल्ली समोर टेबलावर आहे, मुलींच्या शिसपेन्सिलींशेजारी. हे पत्र गाडीच्या पुढच्या खणात ठेवून द्यावं असं आधी मनात होतं, म्हणजे निदान तुमच्या जागेवर पोचलं असतं. पण तो माणूस एकेक खण तपासणार, त्यात मराठीतली सहा पानं सापडली की त्याची पंचाईत होईल. तेव्हा ते इथेच राहील, दहावीच्या उत्तरपत्रिकांखाली.

तुम्हाला वाटेल मी गाडी जाते म्हणून लिहायला बसलो. मलाही पहिली दोन पानं तसंच वाटत होतं. गाडी चांगल्या हाती पडते आहे, तिची मला काळजी नाही. बारा वर्षं मी माईंना भेटायला जातो असं सगळं शहापूर समजत होतं, माई समजत होत्या, आणि मीही समजत होतो. मी गाडीला भेटायला जात होतो. वाटेत माई होत्या. पुढच्या रविवारी मी जाईन, प्लास्टर आहे म्हणून जाईन. त्याच्या पुढच्याही जाईन. प्लास्टर निघेल. मग एका रविवारी पेपर तपासायचे असतील, एका रविवारी धाकटीची परीक्षा असेल, एसटी चुकेल. माई काही म्हणणार नाहीत. गुरुजी, मला भीती वाटते की मी जाणार नाही.